खाणमालकांचा शिपाई, राज्याचा शिपाई

(येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आमच्या संपादकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. एका अमेरिकन पोलीस अधिकाऱ्याचे चरित्र ऐकण्यासाठी ह्या गावच्या माणसांनी आपली संध्याकाळ का खर्ची घालावी? पोलीस कसा असतो हे ह्या गावाला शिकवण्याचे कारण नाही. ते शिक्षण इथल्या कित्येक घरांना पाठीवर मिळालेले आहे. परंतु पोलीस कसा असतो हा एक प्रश्न, आणि पोलीस कोणाचा असतो हा दुसरा. ह्या दुसऱ्या प्रश्नाशी जो मनुष्य आयुष्यातील ऐन कर्तबगारीची बारा वर्षे झुंजला, आणि ज्याने त्याचे अर्धेच उत्तर शोधून काढले, त्याची हकिकत मी आज सांगणार आहे. त्याचे नाव जॉन ग्रूम. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पोलीस दलाचा तो पहिला प्रमुख, १९०५ ते १९१७.

ग्रूमकडे येण्यापूर्वी त्याच्या प्रदेशाची ओळख करून घेतली पाहिजे. पेनसिल्व्हेनिया हे कोळसा आणि पोलाद ह्यांवर उभे राहिलेले राज्य. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक; १९०० साली लोकवस्ती ६३ लाख. त्याच्या ईशान्य भागात अँथ्रासाइट नावाचा टणक, कमी धुराचा कोळसा निघे आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील घरे हिवाळ्यात त्याच्यावर ऊब घेत. तो कोळसा खणण्यासाठी आधी वेल्श, इंग्रज, आयरिश आले. मागाहून स्लोव्हाक, पोल, लिथुआनियन, इटालियन. निरनिराळ्या भाषा बोलणारी ही माणसे खाणीच्या तोंडाशी, कंपनीच्या चाळीत, कंपनीच्या दुकानातून उधारीवर पीठमीठ घेत राहात होती.

आणि तेथील पोलीसही कंपनीचाच होता! हे मी अलंकारिक भाषेत बोलत नाही. १८६५ साली त्या राज्याने कायदा केला की रेल्वे कंपन्यांनी आपल्या पसंतीची माणसे सुचवावीत आणि गव्हर्नराने त्यांना पोलिसाचे अधिकार द्यावेत. पुढल्याच वर्षी ही सवलत खाणी आणि लोखंडाचे कारखाने ह्यांना मिळाली. ह्या दलाला ‘कोल अँड आयर्न पोलीस’ असे म्हणत. पगार मालकाचा, हुकूम मालकाचा. अधिकार मात्र राज्याचा. एका माणसाच्या सनदेची फी होती एक डॉलर. आपल्या देशातही जमीनदारांनी लठैत पाळले होते, पण त्या लठैतांच्या छातीवर सरकारी बिल्ला नसे. पेनसिल्व्हेनियात तो एक डॉलरला मिळे.

ह्याचे फळ काय? १० सप्टेंबर १८९७ रोजी लॅटिमर नावाच्या खाणीच्या गावाकडे संपावरील मजुरांचा एक जथा निघाला. हाती शस्त्र नव्हते. पुढे अमेरिकेचा ध्वज होता. जिल्ह्याचा शेरीफ जेम्स मार्टिन ह्याने हत्यारबंद माणसे उभी केली होती. गोळीबार झाला आणि १९ माणसे ठार झाली. शेरीफ आणि त्याचे साथीदार ह्यांच्यावर खटला चालला, आणि १८९८ साली ते सारे निर्दोष सुटले. मेलेली माणसे परभाषी होती हे आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९०२ च्या मे महिन्यात, अँथ्रासाइटच्या खाणींतील सुमारे दीड लाख मजुरांनी काम बंद केले. संप पाच महिने चालला. हिवाळा तोंडावर आला, शहरांत कोळसा मिळेना, आणि अखेर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांना मध्यस्थी करावी लागली. राज्याच्या नॅशनल गार्डची सगळी पलटण खाणींच्या मुलुखात उतरवण्यात आली होती. दुकानदार, कारकून, वकील असे हौशी सैनिक आपापला धंदा सोडून तंबूत राहिले होते. संप मिटल्यावर नेमलेल्या आयोगाने १९०३ साली अहवाल दिला. मजुरीत दहा टक्के वाढ मिळाली हे सर्वांना ठाऊक असते. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती, ती फारशी कोणी सांगत नाही: शांतता राखण्याचे काम मालकांच्या पगारी माणसांकडे असू नये, ते जनतेच्या खर्चाने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे असावे.

त्या वेळचे गव्हर्नर सॅम्युअल पेनीपॅकर हे मूळचे न्यायाधीश; पुस्तकांचे आणि इतिहासाचे वेडे. राज्याचा कारभार हाती घेतल्यावर त्यांना उमगले की कायदा पाळला जाईल हे पाहण्याची शपथ तर आपण घेतली, पण त्यासाठी हाताशी माणूस म्हणाल तर कचेरीतल्या कारकुनांपलीकडे कोणी नाही. खेड्यातला कॉन्स्टेबल लोकांनी निवडलेला आणि कामागणिक फी घेणारा. शेरीफ जिल्ह्याच्या राजकारणात गुंतलेला. आणि शेवटचा उपाय म्हणजे एकदम लष्कर. मधली पायरीच नव्हती. २ मे १९०५ रोजी त्यांनी राज्य पोलीस दलाच्या कायद्यावर सही केली. टेक्सासचे रेंजर आणि मॅसॅच्युसेट्सचे राज्य कॉन्स्टेबल ह्याच्याही आधीचे होत. तथापि सबंध राज्यभर फिरणारे, गणवेशधारी, बराकीत राहणारे आणि सर्वस्वी राज्याला बांधलेले असे दल अमेरिकेत नवेच होते, आणि पुढे इतर राज्यांनी नमुना गिरवला तो ह्याचा.

प्रमुख म्हणून पेनीपॅकर ह्यांनी ग्रूमची निवड केली. ग्रूम पोलिसातला नव्हे. तो फिलाडेल्फियाच्या पहिल्या घोडदळ तुकडीचा कप्तान. ही तुकडी १७७४ साली, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही आधी स्थापन झालेली. तिच्यात शहरातल्या खानदानी घराण्यांची मुले जात आणि मिळालेला भत्ता तुकडीच्याच खजिन्यात टाकत. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात ती पोर्तो रिकोला गेली होती. अशा मंडळींचा कप्तान म्हणजे घोड्यावर ताठ बसणारा आणि कोणाचे मिंधेपण ठाऊक नसलेला माणूस. ग्रूमने पद स्वीकारताना अट घातली ती एवढीच की भरतीत राजकीय पक्षांची शिफारस चालणार नाही. त्या काळचे पेनसिल्व्हेनियाचे राजकारण आणि त्यातले वशिले ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही अट किती भारी होती ते कळेल. पेनीपॅकर ह्यांनी ती मान्य केली आणि, त्यांच्याही लौकिकाला शोभेल अशी गोष्ट, ती पाळली.

आता दल उभारायचे कसे? अमेरिकेत नमुना नव्हता, म्हणून ग्रूम आयर्लंडला गेला आणि तेथील रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीची पाहणी करून आला. येथे मला थोडे थांबले पाहिजे, कारण ह्या आयरिश दलाशी आपलेही नाते आहे.

आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य होते आणि आयरिश जनतेला ते नको होते. अशा मुलखासाठी घडवलेले ते दल होते. शिपाई हत्यारबंद, बराकीत राहणारा, केंद्राच्या हुकमातला. त्याची नेमणूक त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात कधी करायची नाही. शेजारी, सोयरे, ओळखीपाळखी ह्यांच्यापासून त्याला तोडून ठेवायचे. लंडनच्या पोलिसाला दंडुका पुरला. आयरिश पोलिसाला बंदूक दिली, कारण लंडनचे लोक ‘आपले’ होते. १८४३ साली सर चार्ल्स नेपियर ह्यांनी सिंध जिंकला तेव्हा तेथे पोलीस उभारताना त्यांनी हाच आयरिश साचा घेतला. चार वर्षांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क सिंधला गेले, ती व्यवस्था पाहून खूष झाले, आणि १८५३ साली मुंबई इलाख्याच्या पोलिसांची पुनर्रचना त्याच धर्तीवर होऊन जिल्ह्याजिल्ह्याला सुपरिंटेंडेंट आला. बेळगाव आणि धारवाड हे त्या इलाख्यातलेच जिल्हे. ते मुंबई राज्यापासून तुटले ते १९५६ साली. पुढे १८६१ च्या पोलीस कायद्याने बहुतेक देशभर तेच वळण रुजवले. तेव्हा ग्रूमने डब्लिनहून जे बियाणे नेले, ते आपल्या रानात त्याच्या अर्धशतक आधी पेरले गेले होते. सरकारे बदलली, ध्वज बदलले, तरी ठाण्याची घडण फारशी का बदलली नाही, ह्याचे एक कारण ह्या वंशावळीत सापडते.

ग्रूमचे दल आकाराने चिमुकले होते. चार तुकड्या, प्रत्येकीत एक कप्तान, एक लेफ्टनंट, पाच सार्जंट आणि पन्नास शिपाई. चारही तुकड्या मिळून २२८. एवढ्या माणसांनी ४५ हजार चौरस मैल राखायचे. ग्रीन्सबर्ग, रेडिंग, पंक्सटॉनी आणि वायोमिंग खोरे येथे बराकी झाल्या. अविवाहित पुरुषांनाच प्रवेश. बहुतेक जण लष्करात नोकरी केलेले. त्यांना कायदा शिकवला, घोडा शिकवला, आणि कोणत्याही नागरिकाशी अदबीने बोलावे असा दंडक घातला. काळपट गणवेशातले हे स्वार दोघे-दोघे मिळून खेड्यांतून रात्रंदिवस फिरू लागले.

त्यांच्या कामाची थोरवी मान्य केलीच पाहिजे, आणि मी ती हातचे राखून करणार नाही. जंगलातला वणवा विझवणे, शिकारीचे आणि मासेमारीचे कायदे पाळले जातात की नाही ते पाहणे, एकाकी शेतवाडीवर दरोडा पडला तर मैलोन् मैल माग काढणे, ही कामे त्यांनी केली. इटालियन वस्त्यांत ‘काळा पंजा’ ह्या नावाने खंडण्या उकळणाऱ्या टोळ्या होत्या. त्यांच्या जाचाखाली भरडला जात होता तो गरीब इटालियन मजूरच. ह्या टोळ्यांनाही ह्या पोलिसांनी हात घातला. २ सप्टेंबर १९०६ रोजी पंक्सटॉनीजवळ एका घरात लपलेल्या गुन्हेगारांना पकडायला गेलेले जॉन हेन्री आणि फ्रान्सिस झेरिंगर हे दोन शिपाई गोळ्यांनी ठार झाले. कर्तव्य करताना मेलेले ते ह्या दलातले पहिले. लाच खाऊन घरी बसणे त्यांना सोपे होते. तसे त्यांनी केले नाही.

परंतु दल निर्माण झाले होते ते संपांच्या पोटातून, आणि त्याची परीक्षा संपांतच व्हायची होती. १९०९ साली पिट्सबर्गजवळ मकीझ रॉक्स येथे रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात सोळा राष्ट्रांतल्या मजुरांनी संप केला. २२ ऑगस्टच्या रविवारी जी चकमक झाली तिच्यात किमान डझनभर माणसे मेली, त्यांत राज्य पोलीसही होते. १९१० साली बेथलेहेम येथील पोलाद कारखान्याचा संप १०८ दिवस चालला. दिवसाला बारा तास आणि कित्येकांना आठवड्याचे सातही दिवस राबावे लागे, हे पुढे सरकारी चौकशीतच नमूद झाले. २६ फेब्रुवारीला राज्य पोलीस तेथे दाखल झाले आणि त्याच दिवशी एका हॉटेलात बसलेला जोसेफ झाम्बो नावाचा मजूर शिपायाच्या गोळीने मेला. तो दगड मारीत नव्हता. तो आत बसला होता.

रशियाच्या झारच्या मुलखातून आलेल्या मजुरांना घोडेस्वार, हातात दंडुका, अंगावर येणारी टाप हे चित्र ओळखीचे होते. त्यांनी ह्या स्वारांना नाव दिले: कोसॅक. हे नाव कोणा संपादकाच्या लेखणीतून उतरलेले नाही. ज्यांनी झारचे कोसॅक प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्या तोंडून ते आले, म्हणूनच ते चिकटले. रेडिंगहून विधिमंडळात निवडून गेलेले समाजवादी पुढारी जेम्स मॉरर ह्यांनी १९११ साली हे दलच बरखास्त करण्याचे विधेयक आणले. ते नामंजूर झाले. तेव्हा पुढे त्यांनी मजूर महासंघातर्फे जबान्या, पत्रे, प्रतिज्ञालेख गोळा करून ‘अमेरिकन कोसॅक’ नावाचे पुस्तकच काढले.

ग्रूम ह्यावर काय म्हणे? तो म्हणे की माझा शिपाई मालकाचाही नाही आणि मजुराचाही नाही. तो कायद्याचा आहे. आणि मला वाटते, तो हे मनापासून म्हणत असावा. त्याने मालकांचा पैसा घेतला नाही, पुढाऱ्यांची चिठ्ठी घेतली नाही. मग चुकले कोठे? त्याच्या नावावर एक वाक्य सांगितले जाते: राज्याच्या एका पोलिसाला शंभर परक्यांना आवरता आले पाहिजे. हे वाक्य त्याच्या प्रशंसकांनीच अभिमानाने सांगितले आहे. त्यातला आकडा सोडा. ‘परके’ हा शब्द पाहा. जो माणूस त्याच राज्यात राबतो, त्याच राज्यात कर भरतो, त्याच मातीत पुरला जातो, तो परका का? तर त्याची भाषा निराळी. ग्रूमने आपला शिपाई मालकाच्या अंगणातून उचलला हे खरे. पण त्याला मजुराच्या दाराशी आणून उभे केले नाही. त्याला त्याने बराकीत ठेवले. शिपायाला त्या मजुरांची भाषा येत नव्हती, त्याचा त्यांच्यात सोयरा नव्हता, आणि त्याने चूक केली तर त्या मजुरांनी जाऊन दाद मागावी असे दारही नव्हते. तक्रार करायची ती पोलिसाची पोलिसाकडे! आयरिश साच्यातून निघालेली मूर्ती आयरिशच निघाली.

कायद्यातही एक मोठे भगदाड होते, आणि हा दोष ग्रूमचा नव्हे, विधिमंडळाचा. नवे दल आणण्याचा उद्देश मालकांच्या पोलिसांची जागा घेणे हा होता. पण १९०५ च्या कायद्याने ते मालकांचे पोलीस रद्द केलेच नाहीत. ते होते तसेच राहिले. आता संपकऱ्यासमोर एकाऐवजी दोन पोलीस उभे राहिले: एक कंपनीचा, दुसरा राज्याचा. पुष्कळदा दोघे एकाच फाटकाच्या एकाच बाजूला.

ग्रूमच्या दलाला भाट मिळाला तोही असा की त्याचे नाव आपल्याकडे अद्याप कोणी विसरलेले नाही. न्यूयॉर्क राज्यात १९१३ साली एका बांधकामावरच्या मुकादमाचा, मजुरांचा पगार घेऊन जात असताना, भररस्त्यात खून झाला. मारेकरी सुटले. जिच्या मैत्रिणीचे ते बांधकाम होते ती लेखिका संतापून पेनसिल्व्हेनियात आली, ग्रूमच्या शिपायांबरोबर राहिली, आणि १९१७ साली तिने त्यांच्यावर एक ग्रंथ लिहिला. रूझवेल्ट ह्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी न्यूयॉर्कनेही राज्य पोलीस दल उभे केले. त्यात ह्या बाईंच्या खटपटीचा वाटा मोठा. बाईंचे नाव कॅथरिन मेयो. होय, तीच! पुढे हिंदुस्थानला आली, ‘मदर इंडिया’ लिहून गेली, आणि जिच्या पुस्तकाला गांधीजींनी गटार तपासणाऱ्याच्या अहवालाची उपमा दिली. दोन्ही पुस्तकांतील नजर एकच आहे. पेनसिल्व्हेनियात तिला घोड्यावरचा शिपाई उमदा दिसला आणि रस्त्यावरचा स्लाव्ह मजूर दिसला तो जमाव म्हणून. हिंदुस्थानात राज्यकर्ता दिसला आणि माणसे दिसली ती रोगराई म्हणून. तिला ‘अनहॅपी इंडिया’ लिहून उत्तर देणारे लाला लजपतराय त्याच वर्षी, १९२८ साली, लाहोरास मोर्चाच्या अग्रभागी पोलिसांच्या लाठ्या खाऊन काही दिवसांतच वारले.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि ग्रूमने पोलीस सोडून लष्करी गणवेश चढवला. पुढे दल लिन अॅडम्स ह्या त्याच्याच कप्तानाच्या हाती गेले. १९१९ च्या पोलाद संपात घोडे फुटपाथांवर घातल्याच्या, माणसांचा घरांत घुसून पाठलाग केल्याच्या ज्या तक्रारी पश्चिम पेनसिल्व्हेनियातून आल्या, त्या वेळी ग्रूम तेथे नव्हता. त्या वर्षी तो बाल्टिक प्रदेशात गेला होता. युद्धाने उपाशी पडलेल्या त्या मुलखात अमेरिकन धान्य पोहोचवणाऱ्या मदतकार्याचा तो प्रमुख होता. त्याच्या चरित्रातले हे पान वाचताना मला नेहमी वाटते की बंदोबस्ताऐवजी भाकरी घेऊन तो त्या परभाषी माणसांकडे प्रथमच गेला असावा.

परत आल्यावर, १९२३ साली, त्याला फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी ह्या तुरुंगाचा प्रमुख नेमले. १८२९ साली उघडलेला हा तुरुंग जगप्रसिद्ध होता. प्रत्येक कैद्याला कोठडीत एकटे, अबोल ठेवले म्हणजे त्याला पश्चात्ताप होईल, ही त्याची मूळ कल्पना. १८४२ साली तो पाहून चार्ल्स डिकन्स शहारला होता. ग्रूम आला तोवर ती पद्धत संपली होती आणि आत बजबजपुरी माजली होती. त्याने तेथे पाच वर्षे काढून शिस्त बसवली. त्याच्या कारकिर्दीतली एक गंमत सांगतो. १९२४ साली ह्या तुरुंगात पेप नावाचा एक कुत्रा दाखल झाला. गव्हर्नर गिफर्ड पिंचो ह्यांच्या पत्नीची मांजर मारल्याबद्दल त्याला जन्मठेप झाली अशी आवई वर्तमानपत्रांनी उठवली. वस्तुतः कैद्यांना विरंगुळा म्हणून गव्हर्नरांनी तो दिला होता. पण गळ्यात नंबराची पाटी अडकवलेले त्या कुत्र्याचे छायाचित्र आजही दाखवतात; आणि ग्रूमच्या कारकिर्दीतले लोकांच्या ध्यानात राहिले ते एवढेच.

ग्रूमने १९२८ साली तो तुरुंग सोडला. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी १९२९ मध्ये, पिट्सबर्गच्या कोळसा मुलखात जॉन बार्कोस्की नावाच्या खाणमजुराला तिघा पोलिसांनी मारून मारून ठार केले. ते राज्याचे शिपाई नव्हते. ते कोल अँड आयर्न पोलीस होते. जे १९०५ साली जायचे होते तेच. त्यावरून राज्यभर काहूर उठले. पेपला तुरुंगात धाडणारे पिंचो १९३१ साली दुसऱ्यांदा गव्हर्नर झाले, आणि त्या जूनअखेर त्यांनी मालकांच्या पोलिसांच्या सगळ्या सनदा रद्द केल्या. कायद्याने त्यांना मूठमाती मिळाली ती १९३५ साली, गव्हर्नर अर्ल ह्यांच्या वेळी. ग्रूमने राज्याचा पहिला शिपाई घोड्यावर बसवला, त्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती.